टोप्या मोजा, पण उघडी डोकीही मोजा

टोपीवाल्याची आणि माकडांची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. टोपीवाला झाडाखाली झोपला, माकडांनी गाठोडे सोडले, आणि जागा होऊन बघतो तर प्रत्येक माकडाच्या डोक्यावर टोपी! पुढे त्याने युक्ती केली आणि टोप्या परत मिळवल्या. पण समजा, त्याच वेळी त्या वाटेने एखादा शिकलासवरला माणूस वही-पेन्सिल घेऊन चालला असता आणि झाडाकडे बघून त्याने टिपून ठेवले असते, की या भागात टोपीला भलतीच मागणी आहे, एकही डोके रिकामे नाही, तर? त्या वहीवर भरवसा ठेवून कुणी कर्ज काढून टोप्या शिवल्या असत्या, तर त्याचे काय झाले असते ते सांगायला नको.

वाचकहो, ही थट्टा नव्हे. थोड्याफार फरकाने हेच आमच्या परिचयाच्या एका महिला बचत गटाचे झाले. पालखीच्या वाटेवरचे गाव. गटातल्या तिघींकडे शिलाई मशीन. आषाढीला दिंड्या जाताना बघायच्या, तर जिकडे बघावे तिकडे पांढरी डोकी. एवढी डोकी, म्हणजे एवढ्या टोप्या, असा सरळ हिशेब त्यांनी केला. गटातून कर्ज उचलले, तागा आणला, वर्षभर रात्री जागून टोप्या शिवल्या आणि पुढच्या वारीला रस्त्याकडेला टेबल मांडले. वारकरी थांबले, पाणी प्याले, "राम कृष्ण हरी" म्हणाले आणि पुढे गेले. संध्याकाळपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या टोप्या खपल्या. बाकीचे गठ्ठे ट्रंकेत पडले आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला दारात येत राहिला. गटाच्या अध्यक्षबाई आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, आम्ही डोकी मोजली. पण टोपी कुणी घेतली, कुठनं घेतली, हे इचारलंच न्हाई."

बाजार-पाहणीचे अख्खे शास्त्र या एका वाक्यात आले. मोठमोठ्या कंपन्यांची माणसे आपल्या आठवडे बाजारात येऊन उभी राहतात, कोण काय घालतो, काय उचलतो, काय परत ठेवतो हे बघतात, आणि त्यावर माल ठरवतात. आपण मात्र शेजाऱ्याचे बघून ठरवतो. बघणे वाईट नाही. अर्धवट बघणे वाईट. म्हणून आज आपण टोपीचाच विषय घेऊ.

घालणारा एक, घेणारा दुसरा

आपल्या भागात पांढरी टोपी घालणारा माणूस ती दुकानात जाऊन विकत घेतो का? स्वतःलाच विचारून बघा. तुमच्या वडिलांच्या, चुलत्यांच्या खुंटीवर ज्या चार टोप्या लटकल्या असतील, त्यातल्या किती त्यांनी पैसे मोजून आणल्या? बहुतेक टोप्या मानाच्या असतात. लग्नात टॉवेल-टोपी, वास्तुशांतीला टॉवेल-टोपी, सरपंचाची निवड झाली की टॉवेल-टोपी-नारळ, गुरुजी निवृत्त झाले तरी तेच. म्हणजे टोपी घालतात तात्या, पण तिचे पैसे मोजतो वधूपिता. तोही एक टोपी घेत नाही, तालुक्याच्या कापड दुकानातून गठ्ठा उचलतो. त्याला टोपीचा घेर बरोबर बसतो की नाही याची फिकीर नसते. किंमत बसते का, घडी कडक दिसते का, एवढेच तो बघतो.

म्हणून कापड दुकानदाराच्या लेखी टोपीच्या दोन जाती आहेत. एक द्यायची आणि एक घालायची. द्यायची टोपी पातळ, खळ मारलेली, स्वस्त. ती पुष्कळदा कुणाच्या डोक्यावर जातच नाही. या लग्नात मिळाली, ट्रंकेत ठेवली, पुढच्या लग्नात दुसऱ्याला दिली. 'याची टोपी त्याच्या डोक्यावर' ही म्हण आपण उधारी-उसनवारीला लावतो, पण खेड्यात ती अक्षरशः खरी आहे. घालायची टोपी वेगळी. ती जाड कापडाची, चार धुण्यांत आकार न सोडणारी. ती घेणारे थोडे, पण ते स्वतः मापून, डोक्यावर बसवून बघून घेतात आणि चार पैसे जास्तही देतात.

त्या बचत गटाने शिवली होती घालायच्या टोपीसारखी चांगली टोपी, आणि विकायला नेली अशा माणसांपुढे, ज्यांना ती घरीच फुकट मिळालेली होती. लग्नसराईच्या आधी तालुक्याच्या चार दुकानदारांना विचारले असते, तर हे एका दिवसात कळले असते.

आणखी एक प्रकार फुकटाचा. बियाण्याच्या, खताच्या, औषधाच्या कंपन्या मेळावा घेतात आणि पुढे छज्जा असलेल्या टोप्या वाटतात. निवडणुकीत पक्ष वाटतात. पोरांच्या डोक्यावर रंगीत टोपी दिसली म्हणून पोरे टोपी विकत घेतात असा अर्थ काढाल तर फसाल. आधी त्या टोपीवर काय छापले आहे ते वाचा.

लाटेचेही तसेच. ऑगस्ट २०११ मध्ये अण्णा हजारे यांचे दिल्लीत रामलीला मैदानावर उपोषण चालू होते, तेव्हा ज्यांच्या घरात दोन पिढ्या टोपी नव्हती अशी शहरी पोरे 'मी अण्णा' लिहिलेल्या टोप्या घालून फिरत होती. त्या महिन्यात कुणी टोप्या मोजल्या असत्या, तर देशाने पुन्हा टोपी धरली असेच त्याला वाटले असते. उपोषण सुटले आणि टोप्याही उतरल्या. अशा वेळी ज्याचा माल तयार होता त्याने विकला. बघून-बघून ज्याने नंतर शिवायला घेतला, त्याच्या गळ्यात पडला.

याच्या उलट उदाहरणही आपल्या गावातच आहे. ईदच्या आधी आपले मुस्लिम बांधव स्वतःसाठी आणि पोरांसाठी नवी टोपी घेतात. तिथे घेणारा आणि घालणारा एकाच घरातला, आणि सण कधी येणार ते कॅलेंडरवर लिहिलेले. असे गिऱ्हाईक दुकानदाराला नेमके कळते. सांगायचा मुद्दा एवढाच, की डोक्यावरची टोपी दिसते, पण तिच्यामागचा खिसा दिसत नाही. तो विचारावा लागतो.

उभे कुठे राहिलात?

दुसरी चूक जागेची. सांगोल्याचा रविवारचा बाजार घ्या. खिलार बैलांच्या दावणीपाशी उभे राहिलात, तर फेटे आणि पांढऱ्या टोप्या दिसतील, कारण तिथे बैलाची पारख असलेली जुनी माणसे जमतात. तिथून उठून मोबाईलच्या दुकानासमोर जा. सगळी डोकी उघडी, तेल-जेल लावून भांग पाडलेली. एसटी स्टँडवर जा, तिथे उन्हाचा रुमाल गुंडाळलेली माणसे. भाजीच्या ओळीत जा, तिथे पदर. बाजार एक, दिवस एक, आणि उत्तरे चार! ज्याने फक्त दावणीपाशी मोजले तो म्हणेल, टोपी जोरात चालते. ज्याने मोबाईलच्या दुकानापाशी मोजले तो म्हणेल, टोपी संपली. दोघांचेही आकडे खरे आणि दोघेही चुकलेले.

वेळेचेही तसेच. थंडीत पहाटे मोजाल तर कानटोपी आणि मफलर, चैत्र-वैशाखात दुपारी मोजाल तर टॉवेल, पावसात मोजाल तर खताच्या पिशवीची खोळ. एकदा बघून वर्षाचा हिशेब करता येत नाही.

आणि काळही बदलतो. एके काळी डोक्यावरचे कापड बघून माणूस कोण, कुठला, कामधंदा काय, हे लोक ओळखत. पगडी, पागोटे, फेटा, पटका, रुमाल, प्रत्येकाची बांधणी वेगळी. मग असहकाराच्या काळात, १९२० च्या सुमारास, पांढऱ्या खादीची साधी टोपी आली. फेट्याला कित्येक मीटर कापड लागते. टोपी हातभर कापडात होते, रोज धुता येते, आणि ती घातल्यावर पाटील कोण, कुळ कोण हे लांबून कळत नाही. म्हणूनच ती गावोगाव गेली. गंमत अशी, की जिला आपण गांधी टोपी म्हणतो, ती गांधीजींनी स्वतः फार काळ घातली नाही. १९२१ मध्ये त्यांनी टोपी-सदरा सोडून पंचा धरला. आपल्या आजोबांनी मात्र ती जन्मभर सोडली नाही. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांच्या गणवेशातही पांढरी टोपी असे. ती गणवेशातून गेली, आणि पोरांना डोक्यावर काही घालायची सवयही तिच्याबरोबर गेली. आज टोपी म्हातारी झाली असे आपण म्हणतो, त्याचे एक कारण तिथे आहे. नव्या गिऱ्हाइकाचा दरवाजा शाळेतच बंद झाला.

आता उघड्या डोक्यांकडे वळू

एवढे सगळे मोजूनही एक मोठी चूक राहतेच, आणि आजच्या लेखाचे खरे कारण तेच आहे. टोपी कोण घालतो हे बघणारा माणूस, कोण घालत नाही, आणि का घालत नाही, हे लिहीतच नाही.

एप्रिल-मे महिन्यात आपल्या सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात कांदा काढायला कोण बसते? डाळिंबाच्या बागेत, उसाच्या फडात, रोजगार हमीच्या कामावर कोण असते? बहुतेक ठिकाणी बायका. त्यांच्या डोक्यावर काय असते? पदर. फार तर टॉवेल किंवा जुन्या साडीचा तुकडा. अंगात नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. मुकादम झाडाखाली टोपी घालून उभा, आणि सरीत बसलेल्या बाईच्या डोक्यावर पातळ पदराचा एक पापुद्रा. वहीवाला येतो, बघतो आणि लिहितो, 'स्त्रिया टोपी वापरत नाहीत, मागणी नाही.'

मागणी नाही, की मिळत नाही? हा प्रश्न आम्ही काही बायांना विचारला. उत्तरे साधी होती. बाजारातली टोपी अंबाड्यावर बसत नाही. पुढचा छज्जा तोंडावर सावली देतो, पण वाकून काम करताना ऊन पडते मानेवर, आणि मान उघडीच राहते. पाटी किंवा भारा उचलायचा तर चुंबळ ठेवायला डोके सपाट लागते. आणि चौथे कारण एका आजींनी हसत सांगितले, "बाईमाणसानं टोपी घातली की लोक म्हणत्यात, लई शानी झाली." म्हणजे अडचण मापाची आहे, कामाची आहे आणि लोकलाजेची आहे. गरजेचा अभाव हे कारण कुणीच सांगितले नाही. गरज असल्याचा पुरावा तर समोरच होता. नवऱ्याचा शर्ट आणि टॉवेल ही त्यांची स्वतःची शोधलेली टोपीच आहे. जिथे माणूस आपल्या हाताने काहीतरी जोडतोड करून वापरतो, तिथे बाजाराने न केलेला माल दडलेला असतो. पाहणी करणाऱ्याने हे टिपायला हवे.

हा फक्त धंद्याचा विषय नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, ते आपण सगळ्यांनी वाचले. ती काही तासांची बैठक होती. आपल्या आयाबहिणी तशाच उन्हात महिनाभर वाकून बसतात. टोपीने उष्माघात टळतो असा भाबडा दावा आम्ही करत नाही. पाणी, सावली, आणि दुपारची कामाची सुट्टी या गोष्टी आधी. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचार असावा हे नियमातच आहे, तो नियम पाळला जातो का हे बघणे गावाचे काम आहे. पण डोके आणि मान झाकणारे सुती, सैल, अंबाड्यामागे बांधता येणारे काही मिळाले, तर तेवढाच आधार.

मात्र इथेही त्या बचत गटाची चूक पुन्हा करू नका. गरज आहे म्हणजे विक्री होईलच असे नाही. रोजावर जाणारी बाई आधी पोराची वही घेईल, तेलाची पिशवी घेईल, आणि स्वतःच्या डोक्याचा विचार शेवटी करेल. मग पैसे कोण देईल? बागायतदार देईल का? ग्रामपंचायत देईल का? टोळीचा मुकादम देईल का? हे विचारल्याशिवाय कापडाचा तागा फाडू नका. आधी दहाच नग शिवा. दहा बायांना आठ दिवस वापरायला द्या. पहिल्या दिवशी सगळ्या जणी चांगलेच म्हणतील, त्यावर जाऊ नका. चौथ्या दिवशी दुपारी शेतात जाऊन बघा, ते डोक्यावर आहे की बांधावर पडले आहे. खरे उत्तर ते. काढून का ठेवले ते विचारा, शिवण बदला, पुन्हा द्या. कर्जाचा अर्ज त्यानंतर.

शेतमालालाही हाच नियम

शेतकरी बंधूंनो, टोपीची ही गोष्ट तुमच्या कांद्याची, टोमॅटोचीही आहे. शेजाऱ्याच्या दारात गेल्या वर्षी नवी गाडी आली, म्हणून यंदा आपण तेच पीक लावतो. ते म्हणजे डोक्यावरची टोपी बघून तागा आणण्यासारखेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात आणला आणि खर्च वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. त्याच वर्षी उन्हाळ्यानंतर टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली, ते बघून लागवडी वाढल्या, आणि सप्टेंबरात टोमॅटो रस्त्यावर ओतायची पाळी आली. यात सगळा दोष शेतकऱ्याचा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हवामान, निर्यातीचे धोरण, साठवणीची सोय, यांवर त्याचा ताबा नसतो. पण नुसता भाव बघणे आणि घेणारा कोण, किती, कधी आणि कुठला हे विचारणे, यातला फरक तरी आपल्या हातात आहे.

गावाने करायचे काम

ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेब, सरपंच आणि उमेदच्या ताई यांना आमची एक विनंती आहे. गावात सर्व्हेवाले येतात, माहिती घेऊन जातात, आणि तिचे पुढे काय झाले हे गावाला कधी कळत नाही. एकदा गावानेच स्वतःची पाहणी करून बघावी. खर्च एका वहीचा. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात एक बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस निवडा. शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना सोबत घ्या, पण त्यांना सावलीत बसवा. पार, एसटी थांबा, शाळेचे फाटक आणि शेतावर जाणारी वाट, अशा चार जागा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकेक तास.

वहीत रकाने थोडेच असावेत. बाई की पुरुष. अंदाजे वय. डोक्यावर काय, आणि काही नसेल तर 'उघडे' असे स्पष्ट लिहा, तो रकाना मोकळा सोडू नका. कामाला चालले की बाजाराला. मग आदराने दोन प्रश्न विचारा. हे विकत घेतले, भेट मिळाले की फुकट? आणि नसेल तर का नाही? नाव लिहायचे नाही, जात लिहायची नाही. टोपीवरून माणसाची जात-धर्म हुडकण्याचा उद्योग आपल्याला करायचा नाही, आणि पोरांनाही तो शिकवायचा नाही. ज्याला सांगायचे नसेल त्याला रामराम करून पुढे जाऊ द्यावे.

ही वही १ मेच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी असतो. तो दरवर्षी कुठे जातो ते त्याच सभेत विचारा, आणि त्यातून उन्हात राबणाऱ्या बायांसाठी काय करता येईल तेही विचारा. गावातल्याच गटाने शिवलेले, गावातल्याच बायांनी वापरून पसंत केलेले शिरवस्त्र गावानेच घेतले, तर त्या ट्रंकेतल्या टोप्यांची भरपाई होईल. आपल्या जिल्ह्याला टॉवेल विणण्याचा आणि गणवेश शिवण्याचा हात आहे. कापड इथे आहे, शिंपी इथे आहे, ऊनही इथेच आहे. फक्त विचारणारा माणूस हवा.

ज्या बचत गटाची गोष्ट आम्ही सुरुवातीला सांगितली, त्या गटाच्या अध्यक्षबाईंना आम्ही विचारले, की आता पुन्हा काही शिवणार का? त्या म्हणाल्या, "शिवू की. पण आधी रानात जाऊन बसू. आवंदा डोकी न्हाई मोजायची, माणसं इचारायची."

मंडळी, यापेक्षा शहाणा सल्ला आमच्यापाशी नाही. येत्या बाजाराला जाल तेव्हा टोप्यांकडे जरूर बघा. पण परतताना कुणाच्या तरी बांधावर क्षणभर थांबा आणि सरीत वाकलेली उघडी डोकीही मोजा. त्यात तुमच्या घरचेही एखादे डोके असेल.